दोन रोटरची फियाट

५ फेब्रुवारी, रविवार

नोकरी सुटून आठवडाही झाला नाही आणि माझ्या बायकोचं, मनकर्णाचं, दोनदा ऐकवून झालं, की तुम्ही घरात असलात की फ्रिजसुद्धा दचकतो. खरं आहे. परवा त्याचा आवाज येतो म्हणून मी तो भिंतीपासून ओढला, मागचं झाकण काढलं, आणि आता तो आवाज करत नाही. थंडही करत नाही. म्हणून तिनेच ही वही आणून दिली. म्हणाली, "आता काय उघडायचं ते हिला उघडा."

तर आधी खरं लिहून टाकतो. वाळूजच्या कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लावली आणि बाकीचे विचार करत होते तोवर मी सही करून मोकळा झालो. आयुष्यात एवढ्या एकाच रांगेत माझा पहिला नंबर लागला. हे आता सगळ्यांना माहीत आहे, फक्त आप्पांना नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, कारभारी. सोयगावच्या अलीकडे आमचं गाव आहे. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच असतात, शेजारची भागूबाई भाकरी करून देते. त्यांच्या लेखी मी 'कंपनीतला साहेब'. पारावर, दवाखान्यात, एसटीत शेजारी बसेल त्याला ते हे सांगतात. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की साहेब आता पायजम्यावर फ्रिज बिघडवत बसलेला असतो?

म्हणून बेत असा. अंगणात लिंबाखाली माझी जुनी फियाट उभी आहे. वजनाने दोन म्हशींएवढी, त्याहून जास्त नाही. तिच्यात रोटरी इंजिन बसवायचं. त्यात पिस्टन नसतात, फुगलेल्या समोशासारखा एक त्रिकोण गोल गोल फिरतो. तरुणपणी ट्रेनिंगमध्ये कापून ठेवलेलं एक मॉडेल पाहिलं होतं, तेव्हापासून तो समोसा डोक्यातून जात नाही. इंजिन एवढंसं आणि ताकद अफाट. गाडी पाहून लोक येतील, मग इंजिनं बदलून देण्याचं गॅरेज काढायचं, आणि मग आप्पांना सांगायचं, की नोकरी सोडली पण धंदा काढला.

मनकर्णाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि फ्रिज?"

११ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन आलं. मुंबईच्या भंगारातून, ट्रान्स्पोर्टने, गोणपाटात गुंडाळून. जपानी आहे. सोबत त्याचा गिअरबॉक्स आणि वायरींचं एक जंजाळ. जिन्सीतले ख्वाजाभाई मदतीला आहेत. त्यांचं गॅरेज आहे आणि स्वभाव असा, की साधं काम त्यांना अपमान वाटतो. त्यांनी गोणपाट उचललं, इंजिनाला दोन बाजूंनी थोपटलं आणि म्हणाले, "बद्रीभाई, ये इंजन नै, तूफान है."

मी विचारलं, "याआधी रोटरी बसवलंय का कधी?"

"नै बसाया. इसीलिये तो मजा है ना."

कंपनीत असं उत्तर कोणी दिलं असतं तर मी त्याला लेखी खुलासा मागितला असता. इथे मी टाळी दिली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पांचा फोन. नेहमीसारखं, "ड्युटी कशी चाललीय?" मी म्हणालो, "छान." हे खोटं आता जिभेवर इतकं गुळगुळीत झालंय, की अडखळतही नाही. मग वाटलं, निदान एक तरी खरं सांगावं.

"आप्पा, मी सध्या रोटरी बसवतोय."

पलीकडे खाट करकरली. मग, "रोटा घ्येतला?"

"रोटरी, आप्पा."

"त्येच की. किती पात्याचा?"

ताकद विचारायची ही गावाकडची रीत असणार. म्हटलं, "दोन रोटर आहेत त्याला."

"दोन!" असा चढा आवाज त्यांनी माझ्या लग्नातसुद्धा काढला नव्हता. "लई झ्याक काम केलं बद्री. फकिराला सांगतो आताच, त्येच्याकडं ट्रॅक्टर हाय."

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना माझ्या यंत्रात रस वाटला. मी मनकर्णाला सांगितलं, तर ती म्हणते, "त्यांना नीट कळलंय ना? गावाकडे रोटा म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून ढेकळं फोडायचं अवजार." मला वाईट वाटलं. माझ्या वडिलांना गाडीतलं कोणतं आणि शेतातलं कोणतं हे कळत नाही असं तिला वाटतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

फियाटचं जुनं इंजिन निघालं. लिंबाच्या फांदीला चेनपुली लावली होती. इंजिन वर आलं, फांदी खाली आली. दोन्ही माझ्या पायाजवळ. ख्वाजाभाई म्हणाले, "झाड कमजोर है." झाडाचा काही दोष नव्हता.

९ मार्च, गुरुवार

आप्पांचा आठवड्यातला तिसरा फोन! एरवी महिन्याला एक येतो. आता एकेक शंका काढून विचारतात, आणि शंकाही कशा, अगदी मुद्द्याच्या.

"काळ्या रानात अडकत नाय ना?"

आमच्या गावचा रस्ता काळ्या मातीचा, म्हणून काळजी. मी म्हणालो, "हलकं आहे आप्पा, अडकायचा प्रश्नच नाही."

"आन् ढेकळं?"

"ढेकळांचा चुराडा होईल."

"ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचं लागंल?"

म्हणजे गाडी कुठे रुतलीच तर ओढायला. मला हसू आलं. "ट्रॅक्टर कशाला? स्वतःच्या ताकदीवर चालतं ते."

"ट्रॅक्टरबिगर?"

"ट्रॅक्टरबिगर."

 मग दबक्या आवाजात म्हणाले, "कंपनीत साहेब हाय म्हून जमलं तुला. दुसऱ्याचं काम नव्हं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गाडीखाली पडून होतो. काम काही नव्हतं. 'साहेब' हा शब्द छातीवर बसला होता.

१९ मार्च, रविवार

रोटरी भयंकर तापतं. फियाटचा रेडिएटर त्यापुढे पाण्याचा पेलाच. ख्वाजाभाईंनी ट्रॅक्टरचा रेडिएटर आणला. तो बसवण्यासाठी पुढची जाळी कापली, तरी बसेना, म्हणून अजून थोडा पत्रा कापला. आता फियाट दात पडल्यासारखी दिसते. गिअरचा दांडा जिथे वर आला तिथे सीट आडवी येत होती, तीही कापली. मनकर्णा बाहेर येऊन पाहून गेली. म्हणाली, "बसवताय का काढताय?"

२८ मार्च, मंगळवार, पाडवा

मुहूर्तावर स्टार्टर मारला. वायपर सुरू झाले.

२ एप्रिल, रविवार

सुरू झालं! आधी दोन खोकले, मग सायलेन्सरमधून हातभर जाळ, आणि मग तो आवाज. आमच्या नेहमीच्या गाड्या धडधडतात, ही चिडलेल्या गांधीलमाश्यांसारखी एका सुरात किंचाळते. निळा धूर अख्ख्या गल्लीत पसरला. रोटरी तेल जाळतंच, तो त्याचा स्वभाव आहे, हे मी शेजारच्या काकांना समजावून सांगितलं. ते रुमाल नाकाला लावून म्हणाले, "तुम्ही रोटरीत गेलात हे कळलं होतं. पण तिथे लोक झाडं लावतात ना हो?"

ख्वाजाभाई नाचत होते. मीही नाचलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने किती नाचावं याला मर्यादा आहे, ती मी ओलांडली. मनकर्णा दारात उभी राहून हसत होती. जानेवारीनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

९ एप्रिल, रविवार

आप्पांचा हुकूम आला, अक्षय्य तृतीयेचा. "आखाजीला घिऊन ये. पेरणीच्या आधी लोकाला लागंल. नंबर लावलेत समद्यांनी."

"नंबर?"

"लक्ष्मीबाईचा पयला. बिचारीला कोण हाय? मंग सोनाजी, मंग फकिरा. मी शब्द देऊन बसलोय."

गावातली माणसं फियाटमध्ये बसायला नंबर लावून बसली आहेत! मला भरून आलं. मनकर्णाला म्हटलं, "पाहिलंस? गॅरेजची जाहिरात आपोआप झाली." ती कणीक मळत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आखाजीला जायचं तर तेव्हा नोकरीचंही सांगून टाका. तोंडावर सांगा. कुणाकडून कळलं तर ते खचतील."

कबूल केलं. तेव्हापासून जेवण जात नाही.

२० एप्रिल, गुरुवार

दौलताबादच्या घाटात चाचणी. चढ असा चढली की ख्वाजाभाईंनी डोळे मिटले. किल्ल्याखाली थांबलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. एका रसवंतीवाल्याने आपला बर्फ रेडिएटरवर ठेवू दिला. पेट्रोल असं पितं, की काटा खाली येताना डोळ्यांनी दिसतो. म्हणजे मीटर चालू आहे, हे एक बरं झालं.

२७ एप्रिल, गुरुवार

उद्या मनकर्णाला घेऊन निघायचं. आप्पांना काय बोलायचं ते तीनचार प्रकारे पाठ केलं. प्रत्येक प्रकारात पहिलं वाक्य चांगलं आहे आणि दुसरं येतच नाही. भीती वाटते. ते रागावतील याची नाही, त्यांनी ज्या ज्या माणसाला सांगितलंय त्या प्रत्येकापुढे त्यांना मान खाली घालावी लागेल, याची.

२८ एप्रिल, शुक्रवार, आखाजी

हे नीट लिहायला हवं. 

सिल्लोडला पेट्रोल भरलं, अजिंठ्याच्या घाटात गाडी निवायला थांबवली, आणि दुपारी गावात शिरलो. आवाज आधी पोचला होता. पारापाशी माणसं जमलेली. आप्पा पुढे, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मी थांबलो, उतरलो, पाया पडलो. आप्पांनी माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं, मग गाडीच्या मागे, मग रस्त्याकडे.

"ट्रक मागून येतोय का?"

"कसला ट्रक?"

"रोटा रं. रोटा कुठं हाय?"

मी मोठ्या झोकात बॉनेट उघडलं. "हे काय! दोन रोटर."

आप्पा वाकले. फकिरा वाकला. सोनाजी धनगर बकरीचं पिलू काखेत घेऊन वाकला. फकिराने विचारलं, "पाती कुठंयत?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काळं रान. ढेकळं. ट्रॅक्टरबिगर. एकेक फोन आठवत गेला आणि मी उभा वाळत गेलो. मनकर्णा म्हणाली होती. पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने माझ्यावर दया करून पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

"आप्पा," मी म्हणालो, "हे रानातलं नाही. गाडीचं इंजिन आहे. रोटरी म्हणतात याला. यानं ढेकळं फुटत नाहीत."

कोणी हसलं नाही, तेच वाईट. लक्ष्मीबाई नुसती "आगं माय" म्हणाली. तिने दोन एकर रान नांगरून ठेवलं होतं, आमच्या भरवशावर. आप्पांचा चेहरा मी पाहिला. तसा तो मी कधी पाहिला नव्हता. पोरं फसल्यावर मोठी माणसं रागावतात. मोठी माणसं पोरांपायी फसली की नुसती लहान दिसायला लागतात. जमीन दुभंगून गाडीसकट पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग पाराकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "नंबर लावलेत का नाय?"

सगळे पायाखाली पाहू लागले.

"लावलेत ना? मंग नंबरानं बसा गाडीत. शब्द दिला म्हंजे दिला. रानात नाय फिरला रोटा, तर गावात फिरंल. लक्ष्मीबाई, तुमचा पयला. आन् तुमच्या रानाला फकिराचा ट्रॅक्टर जाईल, त्येच्या कामाला माझी बैलं जातील. चल फकिरा, व्हय म्हण."

फकिरा "व्हय" म्हणाला. दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती.

मग मी संध्याकाळपर्यंत गावाला फेऱ्या मारल्या. लक्ष्मीबाई खिडकी घट्ट धरून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "माझ्या लग्नातबी आसा वाजा नव्हता रं." सोनाजीने बकरीचं पिलू मांडीवर घेऊनच फेरी मारली. ज्यांना रान नाही त्यांनीही नंबर लावले. आता लोक हसत होते आणि आप्पा पारावर उभे राहून नाव पुकारत होते, अगदी दरबारातल्या चोपदारासारखे. स्वतः मात्र बसले नाहीत. "म्या कुठं नंबर लावलाय?" म्हणाले.

पुरणपोळी झाली, माणसं पांगली आणि आम्ही अंगणात बसलो. तेव्हा मी बोललो. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. "आप्पा, मी नोकरी सोडली. जानेवारीतच. तुम्हाला फोनवर खोटं बोलत होतो." एवढं म्हणालो आणि मला रडू आलं. लाज वाटली, पण थांबेना.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे सोमवारी ड्युटी नाय?"

"नाही."

"आन् त्याच्या पुढल्या सोमवारी?"

"कधीच नाही आप्पा. सुटली ती."

ते उठले आणि गोठ्याकडे गेले. मला वाटलं, काठी आणायला गेले. ते खाट घेऊन आले आणि त्यांच्या खाटेला लावून ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. मन दुखावलं असणारच. उगीच आखाजीच्या दिवशी सांगितलं.

२९ एप्रिल, शनिवार

आप्पा सकाळी आपण होऊन गाडीत बसले! कालचा राग दिसत नाही, उलट उत्साह फार. किल्ली कशी फिरवायची, काय दाबायचं, सगळं विचारून घेतलं. मी बजावलं, "एकच पथ्य आहे. थंड इंजिन सुरू केलं की चांगलं गरम होईपर्यंत बंद करायचं नाही. लगेच बंद केलं तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, आणि मग गाडी रुसते."

"रुसती म्हंजे?"

"सुरूच होत नाही. प्लग काढा, वाळवा, बॅटरी चार्ज करा. दिवस जातो."

"आख्खा दिस?"

"अख्खा दिवस."

"आस्सं," म्हणाले, आणि आणखी एकदा विचारून घेतलं. या वयातही एवढी जिज्ञासा! मला कंपनीतले ट्रेनी आठवले, त्यांच्यात याच्या निम्मीही नव्हती.

उद्या सकाळी परत निघतो. शहरात बरीच कामं आहेत. मनकर्णाने विचारलं, "कुठली?" गॅरेजची जागा पाहायची आहे, ख्वाजाभाईंशी बोलायचं आहे. "आणि फ्रिज," ती म्हणाली.

३० एप्रिल, रविवार

निघणं झालं नाही. मी आंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात आप्पांनी गाडी सुरू करून पाहिली आणि पेट्रोल जळू नये म्हणून लगेच बंद केली. प्लग चिंब. दिवसभर प्लग चुलीजवळ वाळत घातले होते. आप्पांना फार वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी भागूबाईला सांगून वांग्याचं भरीत करायला लावलं. संध्याकाळी फकिरा त्याचं पाण्याचं इंजिन दाखवायला घेऊन आला. बसल्या बसल्या दुरुस्त करून दिलं.

१ मे, सोमवार

पुन्हा तेच! "आरं इसरलोच की," म्हणाले. मी थोडा चिडलो. मग वाटलं, वय झालं, विसरणारच माणूस. पंचक्रोशीतून दोघं जण फवारणीचे पंप घेऊन आले होते. आप्पा त्यांना पारावरूनच ओरडून सांगत होते, "या या, साहेब घरीच हाय!" आता नोकरी नाही हे माहीत असूनही साहेब म्हणतात. सवय जात नाही.

रात्री आप्पा त्यांच्या खाटेवर, मी माझ्या. ते आईच्या आठवणी सांगत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकायला मी कधी थांबलो नव्हतो, कारण एसटी असायची.

२ मे, मंगळवार

आज तिसऱ्यांदा. मनकर्णाने बॅग भरायचंच सोडून दिलंय. साड्या काढून आईच्या जुन्या पेटीत नीट लावून ठेवल्या. मी म्हणालो, "अगं, उद्या निघायचंय." ती म्हणाली, "हो, हो," आणि लक्ष्मीबाईकडे शेवया करायला निघून गेली.

मी आप्पांना समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. थंड इंजिन. सुरू केलं तर बंद करायचं नाही. बंद केलं तर दिवस गेला. त्यांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली, मधे एकदा "आगदी बराबर" असंही म्हणाले. शेवटी विचारलं, "मंग उद्या कितीला निघायचं म्हंतो?"

"सातला."

"बरं. मंग मी सहाला उठतो."

मुलाला निरोप द्यायला या वयात पहाटे उठायची त्यांची हौस पाहून मला अगदी गलबलून आलं.